बाकीच्यांचा संघ आणि तीनशे नऊ धावा

१९४३ सालच्या डिसेंबर महिन्यात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी क्रिकेट सामन्यांची अंतिम लढत झाली. एका बाजूस हिंदू संघ होता आणि दुसऱ्या बाजूस ‘दि रेस्ट’ या नावाचा संघ. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर आपला डाव घोषित केला. रेस्ट संघाचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. लागोपाठ दुसऱ्यांदा खेळावयास आल्यावर त्याने ३८७ धावा केल्या आणि एक डाव व ६१ धावांनी सामना गमावला. इतका एकतर्फी निकाल लागलेला सामना एरवी वर्षभरातच विस्मरणात गेला असता. हा गेला नाही. कारण त्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकाच फलंदाजाने काढल्या होत्या. त्याचे नाव विजय सॅम्युएल हजारे. गाव सांगली, मातृभाषा मराठी, धर्म ख्रिस्ती.

ख्रिस्ती समाजात हजारे यांचे नाव अभिमानाने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या ३०९ धावा ज्या संघासाठी झाल्या, त्या संघाच्या नावाकडे आपण सहसा लक्ष देत नाही. ‘रेस्ट’ म्हणजे बाकीचे. मोजता मोजता ज्यांना कोणत्याच गटात बसविता आले नाही, त्या उरलेल्यांचा संघ. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, बौद्ध अशा सर्वांची त्यात एकत्र वर्णी लागत असे. आपल्या पूर्वजांना देशातील सर्वांत लोकप्रिय क्रिकेट स्पर्धेत प्रवेश मिळाला तो या नावाने. १९४३-४४ च्या त्या मोसमाची कथा म्हणूनच धावा आणि बळी यांच्यापुरती राहत नाही. समाजाची मोजदाद कोणी, कोणत्या मापाने करावी, हा प्रश्न तिच्यात दडलेला आहे.

तिरंगी, चौरंगी, पंचरंगी

या स्पर्धेचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. हिंदी लोकांपैकी क्रिकेट प्रथम उचलले ते मुंबईच्या पारशांनी. १८७७ मध्ये पारशी खेळाडूंचा बॉम्बे जिमखान्याच्या युरोपियनांशी सामना झाला. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांच्यातील प्रेसिडेन्सी सामने नियमाने होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमान संघ आला आणि ते चौरंगी झाले. समुद्राच्या काठाने पारशी, इस्लाम आणि हिंदू असे एकेक जिमखाने उभे राहिले. आपला कॅथलिक जिमखानाही त्याच ओळीत आहे. मरीन ड्राइव्हवरून जाणाऱ्याला आजही ही सारी नावे एकामागून एक वाचता येतात.

जाती-धर्मांच्या पायावर उभारलेली ही रचना त्या काळाला विचित्र वाटली नाही. सरकारच जेथे प्रजेची शिरगणती धर्मानुसार करीत होते आणि मतदारसंघही त्याच धर्तीवर पाडीत होते, तेथे खेळाने वेगळी वाट कशी धरावी? शिवाय या चौकटी बाहेरून दिसत तितक्या एकजिनसी नव्हत्या. हिंदू संघाचा थोर डावखुरा गोलंदाज पाळवणकर बाळू हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला. संघाला त्याचे बळी हवे होते. कर्णधारपद मात्र त्याच्या वाट्याला कधी येऊ दिले गेले नाही. पुढे १९२३ मध्ये त्याचा बंधू विठ्ठल याने हिंदू संघाचे नेतृत्व केले, ते मोठ्या झगड्यानंतर. म्हणजे ज्यांना संघात घेतले होते, त्यांनाही आत पुन्हा रांग होतीच.

भारतीय ख्रिस्ती खेळाडूची गत तर याहून निराळी होती. तो युरोपियनांत नव्हता, कारण त्याची कातडी देशी होती. तो हिंदू, मुसलमान, पारशी यांच्यांत नव्हता, कारण त्याचा धर्म वेगळा होता. पंचवीस वर्षे चौरंगी सामने मुंबईच्या मैदानांवर गाजत राहिले आणि तितकी वर्षे भारतीय ख्रिस्ती माणूस त्यांत प्रेक्षक म्हणूनच हजर राहिला. १९३७ मध्ये पाचवा संघ घेण्याचे ठरले, तेव्हा त्याला खेळाडू म्हणून मैदानात पाऊल टाकता आले. त्याच वर्षी ही स्पर्धा नव्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर आली. त्या वर्षीच्या कथेतही एक गंमत आहे. नव्या स्टेडियममधील बैठकांच्या वाटपावरून हिंदू जिमखान्याचा वाद झाला आणि हिंदू संघाने त्या मोसमातून अंग काढून घेतले. बाकीचे आत आले आणि त्याच वर्षी सर्वांत मोठ्या समाजाचा संघ बाहेर राहिला.

सांगलीचा शिक्षकपुत्र

विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत झाला. वडील शाळेत शिक्षक. घरात आठ मुले. घराणे प्रोटेस्टंट पंथाचे. दक्षिण महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती कुटुंब जसे असावे तसेच हे कुटुंब: बेताचे उत्पन्न, शिक्षणाची ओढ, शिस्तीचे वळण. मुंबईच्या जिमखान्यांची श्रीमंती तेथे नव्हती. १९३४-३५ च्या मोसमात ते महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीच्या सामन्यांत उतरले. पुढे देवासच्या महाराजांचा त्यांना आश्रय मिळाला आणि ऑस्ट्रेलियाचे विख्यात गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शनही लाभले.

त्यांची बॅट धरण्याची पद्धत रूढ पद्धतीहून थोडी वेगळी होती. पण त्यांचा बचाव भक्कम होता आणि चित्त ढळत नसे. मैदानावर ते फारसे बोलत नसत. खेळात दिखाऊपणा नव्हता. दिवसभर फलंदाजी करावी, संध्याकाळी बॅट काखेत घालून परतावे, उद्या पुन्हा यावे, असा त्यांचा बाणा होता. १९३९-४० च्या मोसमात पुण्यास बडोद्याविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्रिशतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने त्या वर्षी रणजी करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षीही तो राखला. त्यानंतर हजारे बडोद्यास गेले आणि १९४२-४३ मध्ये बडोद्यानेही प्रथमच हा करंडक मिळविला.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रणजी करंडकात हजारे यांना ‘महाराष्ट्र’ आणि मग ‘बडोदा’ हे नाव होते. ते महाराष्ट्राचे होते कारण ते तेथे जन्मले आणि वाढले. बडोद्याचे झाले कारण तेथे त्यांनी आपले अन्न मिळविले. त्याच काळात मुंबईत पंचरंगी सामन्यांसाठी पाऊल ठेवताच हाच माणूस ‘बाकीच्यां’पैकी एक होत असे. एकाच हाताने धरलेल्या एकाच बॅटचे हे दोन हिशेब होते.

युद्ध, दुष्काळ आणि सामने

१९४३ हे साल सुखाचे नव्हते. महायुद्धाचे पाचवे वर्ष सुरू झाले होते. आदल्या वर्षी, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, ‘छोडो भारत’चा ठराव मुंबईतच झाला होता आणि काँग्रेसचे पुढारी तुरुंगात होते. त्या प्रक्षोभात १९४२-४३ चे पंचरंगी सामने झालेच नाहीत. बंगालात दुष्काळाने लक्षावधी माणसे मरत होती. अशा काळात क्रिकेट खेळावे काय, आणि खेळलेच तर धर्माच्या नावाने खेळावे काय, असे दोन्ही प्रश्न विचारले जात होते.

दुसरा प्रश्न जुना होता. १९४० च्या डिसेंबरमध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास जाऊन महात्मा गांधींना भेटले आणि त्यांनी सामन्यांबद्दल सल्ला विचारला. गांधीजींना क्रिकेटचे वेड नव्हते. पण त्यांचे मत स्पष्ट होते. शाळा-महाविद्यालयांचे, संस्थांचे सामने त्यांना समजू शकत होते. धर्मांचे सामने मात्र त्यांना पटत नव्हते, आणि मुंबईकरांनी आपल्या क्रीडाजीवनातून ते काढून टाकावेत असे त्यांनी सांगितले. त्या मोसमात हिंदू संघ खेळला नाही. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी आणि त्या पत्राचे क्रीडासंपादक जे. सी. मैत्र यांनीही या सामन्यांविरुद्ध लेखणी चालविली.

सामन्यांच्या समर्थकांचेही म्हणणे होते आणि ते अगदीच पोकळ नव्हते. इतकी वर्षे हे सामने होत आहेत, येथे सर्व धर्मांचे लोक शेजारी शेजारी बसतात, चांगल्या फटक्याला टाळी देताना कोणी फलंदाजाचा धर्म विचारीत नाही, असे ते सांगत. रणजी करंडकाच्या सामन्यांना जेमतेम प्रेक्षक येत, तेव्हा पंचरंगी सामन्यांना स्टेडियम भरून जाई. तल्यारखान यांच्या खणखणीत रेडिओ समालोचनाने ते सामने मुंबईबाहेरही पोहोचविले होते. लोकांची ओढ खरी होती, यात शंका नाही. १९४१ मध्ये हिंदू संघ परतला आणि त्याने अजिंक्यपदही मिळविले. एका वर्षाच्या खंडानंतर १९४३-४४ चा मोसम आला, तेव्हा सर्वांच्या नजरा दोन फलंदाजांवर खिळल्या होत्या.

दोन विजय

हिंदू संघात विजय मर्चंट होते आणि रेस्ट संघात विजय हजारे. मुंबईच्या सधन व्यापारी कुटुंबातला एक, सांगलीच्या शिक्षकाच्या घरातला दुसरा. मर्चंट यांचे फटके रेखीव, पायांची हालचाल शास्त्रशुद्ध. हजारे अधिक संयमी, पण एकदा स्थिरावले की तितकेच अभेद्य. दोघांनाही धावांची अमर्याद भूक होती आणि दोघांच्याही ऐन उमेदीच्या वर्षांवर युद्धाचे सावट होते. कसोटी सामने बंद असल्यामुळे त्यांना आपले सामर्थ्य दाखविण्यास देशांतर्गत स्पर्धांखेरीज दुसरी जागाच नव्हती.

पंचरंगी सामन्यांतील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येचा मान त्या वेळी मर्चंट यांच्याकडे होता. १९४१-४२ मध्ये त्यांनी नाबाद २४३ धावा काढल्या होत्या. १९४३-४४ मध्ये हजारे यांनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावा करून तो मान आपल्याकडे घेतला आणि रेस्ट संघ अंतिम फेरीत पोहोचला. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या आणि तो मान परत घेतला. फरक दोन धावांचा. हिंदू संघाची धावसंख्या ५८१ झाली तेव्हा सामन्याचा निकाल बहुतेकांच्या मनात ठरून गेला होता.

रेस्ट संघाच्या पहिल्या डावाने तो अंदाज खरा ठरविला. सर्व बाद १३३. त्यांतल्या ५९ हजारे यांच्या. दुसऱ्या डावात तर अवस्था आणखी बिकट झाली. ६० धावा झाल्या आणि पाच गडी तंबूत परतले. डावाचा पराभव टाळण्यासाठी अजून जवळजवळ चारशे धावा हव्या होत्या. अशा वेळी हजारे यांच्या साथीला त्यांचे बंधू विवेक हजारे आले.

पुढे जे घडले ते धावफलकावर वाचूनही खरे वाटू नये असे आहे. या दोन भावांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागीदारी केली. या तीनशेमध्ये विवेक यांचा वाटा होता एकवीस धावांचा. विजय खेळत राहिले. दोनशे झाल्या, अडीचशे झाल्या आणि मर्चंट यांचा मान तिसऱ्यांदा हलला. मग तीनशेही ओलांडल्या. ते ३०९ धावांवर बाद झाले. संघाच्या ३८७ धावांत अवांतर धावा धरून इतर सर्वांचा वाटा ७८ धावांचा. शंभरातल्या ऐंशी धावा एका माणसाच्या आणि उरलेल्या वीस दहा जणांच्या, असा तो हिशेब होता.

हा झगडा तेथेच थांबला नाही. त्याच मोसमात रणजी करंडकाच्या सामन्यात मर्चंट यांनी मुंबईकडून महाराष्ट्राविरुद्ध, त्याच ब्रेबॉर्न स्टेडियमवर, नाबाद ३५९ धावा केल्या आणि रुसी मोदी यांच्यासह सहाव्या गड्यासाठी ३७१ धावांची भर घातली. दोन विजयांमधली ही स्पर्धा त्या हिवाळ्यात मुंबईच्या घराघरांतून बोलली जात होती. तिच्यात कटुता नव्हती. मर्चंट यांना हजारे यांच्या गुणवत्तेची कदर होती आणि पुढे एकाच भारतीय संघात ते खांद्याला खांदा लावून खेळले.

एकवीस धावांचे मोल

या सामन्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण ३०९ धावांपाशी थांबतो. त्या आहेतच तशा. परंतु विवेक हजारे यांच्या एकवीस धावांकडे आपण थोडे अधिक निरखून पाहावे, असे मला वाटते.

तीनशे धावा होईपर्यंत एका टोकाला टिकून राहणे आणि स्वतःच्या नावावर केवळ एकवीस धावा जमा करणे ही साधी गोष्ट नव्हे. दर षटकात मोह होतो. समोर भाऊ चेंडूमागून चेंडू सीमापार धाडीत आहे, प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करीत आहेत, आणि आपण मात्र बॅट सरळ ठेवून चेंडू थोपवावयाचा, एक धाव काढून टोक बदलावयाचे, पुन्हा उभे राहावयाचे. त्या दिवशी संघात दुसरा मोठा फलंदाज उरला नव्हता. विवेक यांचा तोल एकदा जरी गेला असता, तरी विजय यांच्या १०९ किंवा २०९ धावाच झाल्या असत्या आणि हा सामना आज कोणाच्या ध्यानातही राहिला नसता. मंदिराच्या दानपेटीत दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण सारे जाणतो. दानाची मोजणी रकमेवर होत नाही, हे ती गोष्ट आपल्याला शिकविते. विवेक यांच्या एकवीस धावा त्या जातीच्या आहेत.

दुसरेही एक आहे. ते दोघे ज्यासाठी खेळत होते, ते मिळण्याची आशा जवळजवळ नव्हतीच. पाच बाद ६० या अवस्थेतून डावाचा पराभव टाळणे अशक्यप्राय होते; जिंकण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्यांच्या पाठीशी एखाद्या मोठ्या समाजाचा जयघोषही नव्हता. ‘बाकीच्यां’साठी गर्जना कोण करणार? तरीही त्यांनी आपले काम अखेरपर्यंत नीट केले. विजय हजारे यांच्या आयुष्यात हे पुन्हा एकदा घडावयाचे होते. १९४८ च्या जानेवारीत ॲडलेड येथील कसोटीत ब्रॅडमन यांच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी ११६ आणि १४५ अशी दोन्ही डावांत शतके झळकाविली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच सामन्यात २०१ धावांवर ब्रॅडमन यांचा त्रिफळाही त्यांनीच उडविला. तो सामनाही भारताने डावाने गमावला. हजारे यांची दोन सर्वांत थोर कृत्ये डावाच्या पराभवांत घडली, हे त्यांच्या स्वभावाला साजेसेच होते.

दुसरी मोजणी

पंचरंगी सामने त्यानंतर फार काळ टिकले नाहीत. १९४४-४५ चा अंतिम सामना मुसलमान संघाने हिंदू संघाविरुद्ध एका गड्याने जिंकला. त्याची चुरस जुन्या लोकांच्या बोलण्यात पुढे कित्येक वर्षे येत राहिली. १९४५-४६ मध्ये स्पर्धा शेवटची खेळली गेली. देशात दंगली भडकत होत्या, फाळणीची भाषा उघडपणे बोलली जात होती. धर्माच्या नावाने मैदानात उतरणे आता कोणालाच परवडणारे नव्हते. ज्या मैदानावर चांगल्या फटक्याला सारे टाळ्या देत, त्याच्या बाहेरचे जग वेगळ्याच दिशेने गेले होते.

उरली ती रणजी करंडकाची स्पर्धा. तिच्या जन्मकथेत आपल्या वाचकांना विशेष गोडी वाटेल अशी एक व्यक्ती आहे. अँथनी डिमेलो हे कराचीत जन्मलेले, गोमंतकीय मुळाचे कॅथलिक गृहस्थ. क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना १९२८ मध्ये झाली, तेव्हाचे ते पहिले कार्यवाह. १९३४ मध्ये सिमल्यास भरलेल्या बैठकीत राष्ट्रीय अजिंक्यपदाची कल्पना त्यांनी मांडली आणि करंडकाचे रेखाचित्रही समोर ठेवले. पतियाळाच्या महाराजांनी करंडक दिला आणि रणजितसिंहजींच्या नावाने स्पर्धा सुरू झाली. तिच्यात संघ होते ते प्रांतांचे आणि संस्थानांचे. धर्माचा कोठे उल्लेख नव्हता. ब्रेबॉर्न स्टेडियमच्या उभारणीतही डिमेलो यांचा मोठा हात होता. म्हणजे एका कॅथलिक माणसाने ज्या मैदानासाठी खटपट केली, तेथे पंचरंगी सामने गाजले. आणि त्याच माणसाने पुढे आणलेल्या स्पर्धेने पंचरंगी सामन्यांची जागा घेतली.

या नव्या मोजणीत काय घडू शकते, याचे सर्वांत सुंदर उदाहरण हजारे यांच्याच हातून घडले. १९४७ च्या मार्चमध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याची गाठ होळकर संघाशी पडली. हजारे यांच्या जोडीला होते लाहोरचे गुल महंमद. दोघांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कोणत्याही गड्यासाठीचा तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत अबाधित राहिला. त्या वर्षी श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा करून तो मोडला. जोडीदार धर्माच्या मापाने मोजले असते, तर ‘बाकीच्यां’मधला एक आणि ‘मुसलमान’ संघातला एक अशी ती जोडी एका तंबूत बसलीच नसती. बडोद्याच्या नावाखाली ती बसली. पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली आणि पुढे १९५६ मध्ये गुल महंमद पाकिस्तानकडून कसोटी खेळले. तरी धावफलकावर त्या ५७७ धावा दोघांच्या नावे एकत्रच लिहिलेल्या आहेत.

आणखी पाच वर्षांनी, १९५२ च्या फेब्रुवारीत, मद्रासच्या चेपॉक मैदानावर भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. इंग्लंडवर एक डाव आणि ८ धावांनी. विनू मंकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले. पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके केली. दुसऱ्या डावात गुलाम अहमद यांची फिरकीही प्रभावी ठरली. हिंदू, पारशी, मुसलमान असे सारे त्या संघात होते आणि त्यांचा कर्णधार होता सांगलीच्या ख्रिस्ती शिक्षकाचा मुलगा. दहा वर्षांपूर्वी ज्याला कोणत्या रकान्यात घालावे हे मुंबईला समजत नव्हते, तो आता सर्वांच्या पुढे चालत होता.

आपल्यासाठी काय?

पंचरंगी सामन्यांची निंदा करून हा लेख संपविणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. ‘रेस्ट’ संघ नसता, तर हजारे यांना मुंबईचे ते गच्च भरलेले स्टेडियम, तो हजारोंचा समुदाय लाभला नसता. लहान समाजाला पुष्कळदा दार उघडते ते बाजूचे, आणि उघडलेल्या दाराने आत जाण्यात कमीपणा नाही. आपल्या शाळा, आपले जिमखाने, आपली मंडळे यांनी कित्येक मुलांच्या हाती पहिली बॅट दिली आहे. धर्मग्रामाच्या मैदानावर खेळून पुढे गेलेल्यांना हे ठाऊक आहे.

प्रश्न आहे तो त्या दाराने आत गेल्यावर कोठे थांबावयाचे याचा. ‘आम्ही बाकीचे’ असे म्हणून आपल्यापुरत्या कोपऱ्यात समाधान मानण्याचा मोह लहान समाजाला नेहमी होतो. तो कधी अभिमानाच्या रूपाने येतो, कधी तक्रारीच्या. हजारे यांनी यांतले काहीच केले नाही. त्यांनी आपला धर्म लपविला नाही आणि मिरविलाही नाही. ‘बाकीच्यां’चा संघ मिळाला तेव्हा त्यासाठी ३०९ धावा केल्या, बडोद्याचा मिळाला तेव्हा २८८ केल्या, देशाचा मिळाला तेव्हा त्याचे कर्णधारपद भूषविले. संघाचे नाव बदलले तरी खेळण्याचा प्रामाणिकपणा बदलला नाही. त्यांच्या पाठोपाठ पुण्याचे मराठी ख्रिस्ती चंदू बोर्डे आले. ते वर्षानुवर्षे देशाच्या मधल्या फळीचा आधार झाले आणि १९६७ मध्ये ॲडलेडला एका कसोटीत त्यांनीही भारताचे नेतृत्व केले. तोपर्यंत ते कोणत्या समाजाचे, हा प्रश्न क्रिकेटच्या मैदानावर कोणी विचारीनासा झाला होता.

१९६० मध्ये हजारे यांना पद्मश्री मिळाली. ३० कसोटींत सात शतकांसह २,१९२ धावा आणि प्रथम श्रेणीत अठरा हजारांवर धावा करून ते निवृत्त झाले. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यास, ज्या शहराने त्यांना आपले म्हटले त्या शहरात, त्यांचे निधन झाले. आज देशातील राज्यसंघांची एकदिवसीय स्पर्धा ‘विजय हजारे करंडक’ या नावाने खेळली जाते. तिच्यात महाराष्ट्र आहे, मुंबई आहे, बडोदा आहे, गोवाही आहे. ‘बाकीचे’ या नावाचा संघ तिच्यात नाही. दर वर्षी तिचे निकाल वर्तमानपत्रांत येतात, तेव्हा आपल्या मुलांना त्या नावामागचा इतिहास सांगावा. आणि ३०९ धावांबरोबर त्या एकवीस धावाही सांगावयास विसरू नये.